मनगटावरचा आकडा आणि ताटातला घास

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी या वर्षी काहीतरी लिहून द्यावे, असा संपादकांचा आग्रह होता. मधुमेह किंवा रक्तदाब यांवर नेहमीसारखा एखादा लेख लिहून मी मोकळा झालो असतो. परंतु गेल्या दोन-अडीच वर्षांत माझ्या दवाखान्यात घडलेल्या दोन प्रसंगांनी मला स्वस्थ बसू दिले नाही. दोन्ही प्रसंगांच्या मुळाशी एकच वस्तू होती, ती म्हणजे मनगटावर घड्याळासारखा बांधावयाचा फिटनेस बँड. पहिल्या प्रसंगात तर रुग्णापेक्षा माझीच चूक अधिक होती. ती येथे मोकळेपणाने सांगावी आणि त्या निमित्ताने हा बँड नेमके काय मोजतो व काय मोजत नाही, याचा थोडा ऊहापोह करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पहिला प्रसंग

बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ बरीच वर्षे माझ्याकडे मधुमेहासाठी येतात. वय चौसष्ट, वजन अडुसष्ट किलो, स्वभाव हिशेबी. साठीच्या भेटीदाखल लेकीने त्यांना बँड दिला होता, तो कपाटातच पडून होता. मीच त्यांना म्हणालो, "साहेब, आता तो बांधा आणि चालायला लागा. हिशेब तर तुम्हांला उत्तम येतो. जितके खर्च कराल तितकेच खा." हे वाक्य मला त्या वेळी फार समर्पक वाटले होते.

गृहस्थ नेमाने रेसिडेन्सी भागात फिरायला जाऊ लागले. सहा महिन्यांनी तपासणीचे कागद घेऊन आले, तेव्हा एचबीए१सी ७.२ वरून ८.४ वर गेले होते आणि वजन तीन किलोंनी वाढले होते. मी आश्चर्याने विचारपूस केली. त्यांनी खिशातून एक छोटी वही काढली. तीत रोजच्या कॅलरी जमा-खर्चाच्या रकान्यांत लिहिलेल्या होत्या. "डॉक्टरसाहेब, सकाळी नऊपर्यंत माझ्या साडेआठशे कॅलरी खर्च झालेल्या असतात. नंतर मंडळींबरोबर एक प्लेट पोहे आणि थोडी जिलेबी घेतो. तरी शिल्लक राहतेच." इंदुरात सकाळचे फिरणे पोह्यांच्या दुकानापाशी संपते, हे आपणांपैकी कोणाला ठाऊक नाही? परंतु त्यांच्या वहीतला हिशेब मात्र मुळातच चुकलेला होता.

तो बँड मध्यरात्रीपासूनची एकूण कॅलरी दाखवीत होता. माणूस गाढ झोपलेला असला तरी त्याचे हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडे चालूच असतात आणि त्यासाठी ऊर्जा खर्च होतच असते. या गृहस्थांच्या देहयष्टीचा विचार करता हा खर्च ताशी साधारण साठ कॅलरी धरता येईल. म्हणजे नऊ तासांत पाचशे चाळीस कॅलरी केवळ जिवंत राहण्यात खर्च झाल्या होत्या. तासाभरात पाच किलोमीटर चालण्यामुळे या खर्चात पडणारी भर जेमतेम दीडशे-पावणेदोनशे कॅलरींची. ही बेरीज सातशेच्या आसपास भरते. उरलेली दीडशे बँडच्या उदारपणाची होती. आमच्या गृहस्थांनी मात्र संपूर्ण साडेआठशेची रक्कम चालण्याच्या खात्यावर जमा धरली होती आणि त्यावर निश्चिंतपणे खाण्याचा धनादेश काढला होता.

तीन किलो वजन म्हणजे फार मोठी खादाडी झाली असेल, असे कोणाला वाटेल. तसे नाही. शरीरातील एक किलो चरबी म्हणजे सुमारे सात हजार सातशे कॅलरी, असा स्थूल हिशेब आहे. तीन किलोंचे तेवीस हजार होतात. ते एकशे ऐंशी दिवसांत विभागले, तर रोजचे सव्वाशेच येतात. अर्धी प्लेट पोहे आणि वर भुरभुरलेली शेव, एवढ्यात ते भरून निघतात. इतकी लहान चूक रोज होत राहिली, तर तिचा परिणाम असा दिसतो. आणि बँडची चूक याहून किती तरी मोठी असू शकते, हे पुढे पाहू.

ऊर्जा खरोखर कशी मोजतात?

प्रथम एक खुलासा. आपण व्यवहारात जिला कॅलरी म्हणतो, ती शास्त्रीय परिभाषेत किलोकॅलरी होय. या लेखात मी रूढ अर्थानेच तो शब्द वापरीत आहे.

सजीव देह म्हणजे मंदपणे जळणारी शेगडी, ही कल्पना फ्रान्समधील लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी १७८० च्या दशकात प्रयोगाने सिद्ध करून दाखविली. त्यांनी एका गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या पात्रात ठेवले, किती बर्फ वितळला ते मोजले आणि त्याची सांगड प्राण्याच्या श्वसनाशी घातली. पुढे अमेरिकेत ॲटवॉटर आणि रोझा यांनी १८९० च्या दशकात माणूस आत राहू शकेल अशी बंद खोली बांधली. आत राहणाऱ्याच्या शरीरातून बाहेर पडणारी उष्णता आणि त्याच्या श्वासातील वायू ते मोजीत असत. अन्नपदार्थांच्या वेष्टनांवर आज आपण जे कॅलरींचे आकडे वाचतो, त्यांमागे याच ॲटवॉटरचे गुणांक आहेत.

उष्णता प्रत्यक्ष मोजणे जिकिरीचे असल्यामुळे नंतर प्राणवायूच्या मोजणीचा मार्ग रूढ झाला. तोंडावर मुखवटा बसवून किती प्राणवायू आत घेतला व किती कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकला, हे मोजतात आणि त्यावरून ऊर्जेचा हिशेब करतात. एक लिटर प्राणवायू वापरला, की सुमारे पाच कॅलरी खर्च झाल्या असे समजावे. त्यासाठी १९४९ मध्ये वीर यांनी मांडलेले सूत्र आपल्या अतिदक्षता विभागांतून आजही वापरले जाते.

माणूस घरीदारी नेहमीसारखा वावरत असताना मोजायचे असेल, तर तिसरी एक सुंदर पद्धत आहे. हायड्रोजन व ऑक्सिजन यांची जड, परंतु किरणोत्सर्गी नसलेली, समस्थानिके असलेले पाणी त्याला प्यावयास देतात. जड हायड्रोजन केवळ पाण्यावाटे शरीराबाहेर पडतो. जड ऑक्सिजन मात्र पाण्यावाटे आणि कार्बन डायऑक्साइडवाटे, असा दोन्ही वाटांनी जातो. पुढील एक-दोन आठवडे लघवीचे नमुने तपासून या दोहोंतील फरक काढला, की किती कार्बन डायऑक्साइड तयार झाला हे कळते. लिफ्सन यांनी प्राण्यांसाठी शोधलेली ही पद्धत १९८२ मध्ये शोलर यांनी माणसांत वापरून दाखविली. ती महाग आहे, परंतु अचूकतेच्या दृष्टीने आजही तीच मानदंड मानली जाते.

हे सगळे सविस्तर सांगितले, याचे कारण असे, की यांपैकी एकही गोष्ट मनगटावरचा बँड करीत नाही. तो श्वास मोजत नाही, उष्णतेचा हिशेब ठेवीत नाही आणि लघवी तर तपासतच नाही.

मग बँडमध्ये असते तरी काय?

त्यात मुख्यतः दोन गोष्टी असतात. पहिली, हालचाल ओळखणारी सूक्ष्म चकती. मनगट कोणत्या दिशेने आणि किती वेगाने हलले, हे तिला कळते. दुसरी, त्वचेवर हिरवा प्रकाश टाकणारा दिवा व परत आलेला प्रकाश टिपणारा संवेदक. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. प्रत्येक ठोक्याबरोबर त्वचेतील रक्त कमी-अधिक होते आणि त्या चढउतारावरून नाडीचे ठोके मोजले जातात. यांत भर म्हणून आपण वय, लिंग, उंची आणि वजन ही माहिती फोनवर भरून देतो. एवढ्या सामग्रीवरून एक गणिती सूत्र कॅलरींचा अंदाज बांधते. हे सूत्र प्रत्येक कंपनीचे निराळे असते आणि ते सहसा उघड केले जात नाही.

म्हणजे नाडी ही मोजलेली असते आणि कॅलरी ही अनुमानलेली असते. पडद्यावर मात्र दोन्ही सारख्याच ठसठशीत अक्षरांत उमटतात आणि पाहणाऱ्याला त्यांतील भेद कळत नाही. "३४७" असा आकडा दिसला, की तो ३४६ नव्हे व ३४८ही नव्हे, असा आपला सहज समज होतो.

या अनुमानाला दगा देणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. व्यायामात नाडी वाढते हे खरे, परंतु ती मे महिन्याच्या उन्हाने वाढते, तापाने वाढते, कडक चहाने वाढते आणि घरातल्या वादावादीनेही वाढते. त्या वेळी स्नायूंनी काही अधिक काम केलेले असते असे नाही. हालचालीचेही तसेच. मी स्वतः पंधरा दिवस दोन्ही मनगटांवर दोन निरनिराळ्या कंपन्यांचे बँड बांधून पाहिले. एकाच सकाळच्या, एकाच पन्नास मिनिटांच्या फेरफटक्यासाठी एकाने २३१ कॅलरी दाखविल्या, दुसऱ्याने ३१८. गणेशोत्सवात आरतीला टाळ्या वाजविताना दोघांनीही माझी पावले मोजली आणि मी तर देवासमोर एका जागी उभा होतो. उलट घरातल्या स्थिर सायकलवर वीस मिनिटे घाम गाळला, तेव्हा दांडीवर धरलेले मनगट हलले नाही, म्हणून पावलांच्या खात्यात जवळजवळ काहीच जमा झाले नाही.

अभ्यास काय सांगतात?

माझ्या दोन मनगटांना शास्त्रीय पुरावा म्हणता येणार नाही. म्हणून प्रसिद्ध झालेल्या संशोधनाकडे वळतो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये सात उपकरणांची तपासणी प्रसिद्ध केली. साठ स्त्री-पुरुषांना बसवून, चालवून, पळवून आणि सायकल चालवायला लावून उपकरणांच्या आकड्यांची तुलना श्वासातील वायूंच्या मोजणीशी केली. नाडीच्या बाबतीत सातपैकी सहा उपकरणांची चूक पाच टक्क्यांच्या आत राहिली. कॅलरींच्या बाबतीत मात्र सर्वांत चांगल्या उपकरणाची सरासरी चूक २७ टक्के होती आणि सर्वांत वाईट उपकरणाची ९३ टक्के. २७ टक्क्यांचा अर्थ असा, की खरा खर्च अडीचशे असेल, तर बँड एकशे ऐंशीही दाखवील किंवा तीनशे वीसही दाखवील. पुरुष, अधिक वजनाची माणसे आणि सावळ्या त्वचेच्या व्यक्ती यांच्यात चूक अधिक आढळली, हेही आपण भारतीयांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

त्याआधी, २०१६ मध्ये, जपानमधील संशोधकांनी एकोणीस व्यक्तींवर बारा उपकरणे तपासली होती. मानदंड म्हणून बंद खोली आणि जड पाणी या दोन्ही पद्धती वापरल्या. त्याच माणसांचा दिवसभराचा खर्च निरनिराळ्या उपकरणांनी शेकडो कॅलरींच्या फरकाने दाखविला. तेव्हापासून उपकरणे बरीच बदलली आहेत. २०२० मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन'मध्ये छापून आलेल्या साठ अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यातही उपकरणागणिक आणि व्यायामागणिक अचूकता बदलते, असेच दिसले. केवळ हालचालीपेक्षा हालचाल व नाडी यांचा एकत्रित विचार करणारी उपकरणे बरी, एवढा दिलासा त्यातून मिळतो.

पुण्याचे एक उदाहरण

सूत्रे कोणाच्या देहावरून बनली, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. विश्रांतीच्या अवस्थेतील ऊर्जाखर्चासाठी जगभर वापरले गेलेले स्कोफिल्ड यांचे १९८५ चे समीकरण घ्या. त्यामागील माहितीत जवळजवळ निम्मी माणसे इटालियन होती आणि उष्ण कटिबंधातील लोकांचा खर्च हे समीकरण वास्तवापेक्षा अधिक दाखविते, असे पुढे आढळून आले.

आपल्या माणसांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनच्या डॉ. युडकिन यांच्यासमवेत २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दोघांचे छायाचित्र आणि आकडे छापले होते. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, अगदी सारखा. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! ऊर्जा मुख्यतः स्नायू आणि अवयव खर्च करतात, चरबी अगदी अल्प खर्च करते. वय, लिंग, उंची आणि वजन एवढेच विचारणाऱ्या सूत्राला ही दोन माणसे वेगळी ओळखता यावीत कशी? सडपातळ दिसणाऱ्या, पोटाशी चरबी बाळगणाऱ्या आपल्या रुग्णांना बँडने अधिक उदारपणे कॅलरी बहाल केल्या, तर त्यात नवल नाही.

दुसरा प्रसंग

पहिल्या प्रसंगात आकडा फुगलेला होता. दुसऱ्यात तो आखडलेला होता आणि तो अधिक धोक्याचा ठरला. आमच्या शेजारच्या वहिनी, वय एकसष्ट. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड आणि हृदयासाठी मेटोप्रोलॉल चालू. पुण्याच्या मुलाने दिवाळीत बँड आणून हातात बांधला. दिवसभर स्वयंपाकघरात राबणाऱ्या या बाईंना रात्री बँड सांगे, की आज तुमचा खर्च फारच थोडा झाला. त्यांनी मनावर घेतले. कोणाला न सांगता रात्रीचे जेवण सोडले, गोळी मात्र चालू ठेवली.

एके दिवशी पहाटे तीन वाजता त्यांच्या यजमानांनी माझे दार ठोठावले. वहिनी घामाने थबथबलेल्या, बोलणे असंबद्ध. ग्लुकोमीटरवर साखर ४४ आली. साखरेचे पाणी चमच्याने पाजले, अर्ध्या तासात त्या भानावर आल्या आणि पहिला प्रश्न त्यांनी यजमानांना विचारला, "तुम्ही जेवलात ना?" पुढचे दोन दिवस त्यांना रुग्णालयात देखरेखीखाली ठेवावे लागले.

मेटोप्रोलॉलसारख्या बीटा ब्लॉकर औषधांनी नाडी मंदावते. नाडीवर भिस्त ठेवणाऱ्या सूत्राला वाटते, बाई स्वस्थ बसलेल्या आहेत. त्याच औषधाने साखर उतरल्यावर होणारी धडधड आणि थरथर हीदेखील दबते, घाम तेवढा सुटतो. म्हणजे एकाच गोळीने बँडला फसविले आणि शरीराची धोक्याची घंटाही मंद केली. नंतर बँडमधील माहिती पाहिली, तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. मुलाने वजनाच्या रकान्यात दहा वर्षांपूर्वीचा आकडा, आईला आठवला तसा, भरला होता.

बँड टाकून द्यावा काय?

नाही. न्यायाने बोलायचे तर या वस्तूचे उपकारही आहेत. 'लॅन्सेट डिजिटल हेल्थ'मध्ये २०२२ साली आलेल्या एका व्यापक आढाव्यानुसार, अशी उपकरणे वापरणारी माणसे दिवसाला सुमारे अठराशे पावले अधिक चालतात आणि त्यांचे वजन सरासरी एक किलोने घटते. हे थोडे म्हणता येणार नाही. पण केवळ उपकरणावर विसंबून चालत नाही, हेही तितकेच खरे. २०१६ मध्ये 'जामा'त प्रसिद्ध झालेल्या पिट्सबर्ग येथील अभ्यासात ४७१ तरुण स्त्री-पुरुषांना दोन वर्षे आहार-व्यायामाचे मार्गदर्शन दिले. त्यांपैकी एका गटाला सहा महिन्यांनंतर उपकरणही दिले. उपकरणाविना असलेल्या गटाचे वजन सरासरी ५.९ किलो घटले, तर उपकरणधाऱ्यांचे ३.५ किलोच. असे का झाले, हे त्या अभ्यासाने सिद्ध केलेले नाही. मला मात्र तो वाचताना आमच्या बँकेच्या गृहस्थांची छोटी वही आठवली.

माझ्या अनुभवातून काही सूचना कराव्याशा वाटतात.

१. बँडवरील कॅलरी पाहून किती खावे, हे ठरवू नये. चालणे हे खाण्याचे भाडे नव्हे.

२. पावले, चालण्याची मिनिटे आणि विश्रांतीची नाडी या आकड्यांचा उपयोग करावा. तुलना कालच्या आपल्याशी करावी, शेजाऱ्याशी करू नये.

३. दिसणारा आकडा दिवसाचा एकूण आहे की केवळ व्यायामाचा, हे आधी समजून घ्यावे. वय व वजन खरे आणि आजचे भरावे.

४. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधे घेणाऱ्यांनी बँड पाहून जेवण कधीही टाळू नये. बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांच्या किंवा नाडी अनियमित असणाऱ्यांच्या बाबतीत कॅलरीचा आकडा विशेषच बेभरवशाचा समजावा.

५. खरा ताळेबंद आठवड्याच्या वजनात, कमरेच्या टेपमध्ये आणि तीन महिन्यांच्या एचबीए१सीमध्ये असतो. तेथे खोटी जमा चालत नाही.

माझ्या व्यवसायबंधूंना एकच विनंती. रुग्णाच्या मनगटावर बँड दिसला, की "किती चालता?" एवढेच विचारून थांबू नये. "आकडा पाहून तुम्ही पुढे काय करता?" हेही विचारावे. मी तो प्रश्न वेळेवर विचारला असता, तर एका गृहस्थांचे सहा महिने वाया गेले नसते आणि वहिनींना त्या पहाटेला तोंड द्यावे लागले नसते.

दोघांची प्रकृती आता उत्तम आहे. वहिनी रात्री वेळेवर जेवतात आणि बँड देवघराजवळच्या खुंटीवर टांगून ठेवतात. बँकेच्या गृहस्थांनी वहीतला जमेचा रकाना रेघ मारून बंद केला आहे आणि त्यांचे एचबीए१सी ७.३ वर आले आहे. पोहे त्यांनी सोडलेले नाहीत, इंदुरात राहून ते कोणाकडूनच होणार नाही. मात्र प्लेट आता अर्धी असते आणि जिलेबी फक्त रविवारी. परवा फिरताना भेटले, तेव्हा मनगट पुढे करून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आता मी याला फक्त पावले विचारतो."